आखाड्याचं दार: म्हैसूरचे जेठी, योगशाळा आणि आयकिडो



आज आपण म्हैसूरला जायचं आहे, पण राजवाडा आणि चामुंडी टेकडी बघायला नव्हे. शहरातून कृष्णराजसागर धरणाकडे जाणारा रस्ता धरला की मेटगळ्ळी नावाचं उपनगर लागतं. एके काळचं खेडं. आता तिथे टायरचा कारखाना आहे, त्याच भागात रिझर्व्ह बँकेच्या नोटा छापणारा छापखाना आहे, कामगारांच्या आणि निवृत्तांच्या वसाहती आहेत. तिथून जवळच गोकुळम, जिथे जगभरातले लोक पाठीवर चटई अडकवून योग शिकायला येतात.

आता अशा उपनगरातली एक आजी डोळ्यांपुढे आणा. वय साठ. सोबत आठ वर्षांचा नातू. दोघं एकाच हॉलमध्ये, एकाच गादीवर आयकिडो शिकायला उभे आहेत. आपल्याला यात फारसं नवल वाटत नाही. भारतात किंवा भारताबाहेर कुठेही आयकिडोच्या वर्गाची पाटी वाचा, 'सर्व वयोगटांसाठी' हे शब्द बहुधा असतातच. पण इतिहासाच्या नजरेनं पाहिलं तर हे चित्र फार अलीकडचं आहे. लढण्याची विद्या शिकवणाऱ्या जागेचं दार शेकडो वर्षं सगळ्यांना उघडं नव्हतं. तू कुणाचा, कुठल्या घराण्यातला, वय किती, आणि मुळात पुरुष आहेस ना, हे आधी विचारलं जाई. ते दार कसं उघडत गेलं, याची गोष्ट म्हैसूरमध्ये फार छान दिसते. आणि गंमत म्हणजे त्या गोष्टीत मराठी माणसं पावलोपावली भेटतात.

सुरुवात करू जेठींपासून.

जेठी हा शब्द आपल्याला परका नाही. जुन्या मराठीत जेठी म्हणजे पेशानं मल्ल असलेला माणूस. कन्नडमध्ये 'जेट्टी'. शब्दाचं मूळ 'ज्येष्ठी', आणि जातीचं संस्कृत नाव ज्येष्ठीमल्ल. 'मल्लपुराण' नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे, त्यात या लोकांची परंपरा गुजरातमधल्या मोढेऱ्याशी आणि थेट कृष्ण-बलरामांशी जोडलेली आहे. हा ग्रंथ १९६४ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लांची चक्क प्रतवारी आहे: ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक, गोवल. होतकरू मल्लाला तिथे 'भविष्णू' म्हटलं आहे. किती सुंदर शब्द! कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या शेजारचं.

या जेठींची खास विद्या म्हणजे वज्रमुष्टी. उजव्या हाताच्या मुठीत बोथट दातांचं एक हत्यार धरायचं, डोक्याचा गोटा करायचा, आणि प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर प्रहार करायचा. सोळाव्या शतकात विजयनगरला आलेल्या पोर्तुगीज प्रवाशांनी महानवमीच्या उत्सवातल्या मल्लांच्या झुंजी पाहिल्या. दात पडतात, डोळे फुटतात, असं त्यांनी लिहून ठेवलं. विजयनगर पडलं, पण उत्सवाची परंपरा वोडेयारांनी उचलली. राजा वोडेयार यांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टणला दसरा सुरू केला. त्याच घराण्यातला कंठीरव नरसराज हा १६३८ मध्ये गादीवर आला. तो तर स्वतःच मल्ल होता. वेषांतर करून तो तिरुचिरापल्लीच्या एका नामांकित मल्लाशी लढायला गेला आणि त्याला लोळवून परतला, अशी कथा म्हैसूरमध्ये सांगतात. कथा आहे, पण राजानं आखाड्यात उतरणं तिथे भूषणाचं मानलं जाई, एवढं तिच्यातून नक्की कळतं.

हीच झुंज आपल्या मराठी दरबारातही होती. १८६० च्या दशकात लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी बडोद्याला खंडेराव गायकवाडांचा पाहुणा होता. त्यानं तिथे शिंगाची नखं मुठीत बांधून लढणारे मल्ल पाहिले. बडोदा आणि म्हैसूर, मधे हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, आणि दोन्ही राजवाड्यांत ज्येष्ठीमल्लांची तीच रक्ताळलेली झुंज.

या विद्येचं दार कुणाला उघडं होतं? जेठीच्या मुलाला. बस्स. बाप मुलाला शिकवी, राजा खर्च करी. जेठीच्या मुलीला दार बंद, शेजारच्या कुंभाराच्या मुलाला बंद, आणि अंगातला जोर ओसरला की जेठीलाही आखाड्यात फक्त सांगण्यापुरती जागा. यात दुष्टपणा शोधू नका. झुंज रक्त निघेपर्यंत चालणार असेल, तर तिथे सगळ्यांना बोलावणं हाच दुष्टपणा ठरला असता.

आता एक आडवळण घेतो, कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. एडगर थर्स्टननं १९०९ मध्ये दक्षिण भारतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यात जेठींबद्दल कुस्तीबरोबर आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. ही मंडळी निखळलेले सांधे बसवण्यात, चोळण्या-मालिशीत वाकबगार. म्हणजे मोडणारे हात आणि जोडणारे हात एकच! आपल्याकडच्या तालमीतल्या वस्तादाकडे आजही गावचे लोक मुरगळलेला पाय घेऊन जातात. जपानमध्ये तर हे इतकं पक्कं झालं की ज्युदोवाल्यांच्या हाडवैद्यकीला १९२० मध्ये सरकारनं रीतसर मान्यता दिली. शरीर कुठे वाकतं आणि कुठे तुटतं, हे ज्याला कळतं त्याच्याच हाती पुढे आखाड्याचं दार उघडण्याची किल्ली आली. कशी ते पाहू.

बडोद्यातच एक मराठी माणूस होता. गजानन यशवंत तांबे, पण महाराष्ट्र त्यांना प्रोफेसर माणिकराव म्हणून ओळखतो. जुम्मादादांचे शिष्य. गुरूंच्या आखाड्याचे ते वारसदार झाले. लाठी, मल्लखांब, कुस्ती सगळ्यांत तयार, आणि हो, हाडवैद्यही होते. माणिकरावांनी एक साधी वाटणारी पण मोठी गोष्ट केली. गुरूनं एकेका शिष्याला शिकवायचं, ही आखाड्याची पद्धत. माणिकरावांनी एका वेळी शेकडो मुलांना रांगेत उभं करून शिकवायला सुरुवात केली आणि कवायतीचे हुकूम इंग्रजी सोडून आपल्या भाषांत दिले. संघव्यायाम. आज शाळेच्या मैदानावर आपण जे 'आराम' आणि 'दक्ष' ऐकतो, त्यामागे अशा लोकांची खटपट आहे. शंभर पोरं एकदम आली की तू कुणाचा, हे कोण विचारत बसणार?

माणिकरावांकडे १९०७ च्या सुमारास जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकत होता. पुढे तो स्वामी कुवलयानंद झाला आणि १९२४ मध्ये त्यानं लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. कुवलयानंदांनी आसनं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत नेले. रक्तदाब मोजला, क्ष-किरण चित्रं काढली. आजाऱ्याला कोणतं आसन द्यावं, कोणतं देऊ नये, हा प्रश्न त्यांनी डॉक्टरच्या भाषेत विचारला. त्याच सुमारास औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्या छोट्या संस्थानात मुलामुलींकडून सूर्यनमस्कार घालून घेत होते, स्वतः घालत होते आणि त्यावर पुस्तकं लिहीत होते.

हे सगळं वारं म्हैसूरला पोचलं. चौथे कृष्णराज वोडेयार १९४० पर्यंत राज्य करत होते. व्यायामाचा त्यांना फार शौक. १९३३ मध्ये त्यांनी जगन्मोहन राजवाड्यात तिरुमलै कृष्णमाचार्यांना योगशाळा काढून दिली. कृष्णमाचार्य महाराजांच्या सांगण्यावरून लोणावळ्याला जाऊन कुवलयानंदांचं काम पाहून आले. योगशाळेच्या शेजारीच, त्याच राजवाड्याच्या आवारात, बेंगळुरूचे व्यायामपटू के. व्ही. अय्यर यांच्या शिष्याचा सूर्यनमस्कारांचा आणि शरीरसौष्ठवाचा वर्ग भरे. कुणी कुणाकडून काय उचललं, यावर अभ्यासकांत अजून भांडणं चालू आहेत. मला त्या भांडणात फार रस नाही. एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे हे सगळं चाललं होतं, तेव्हा देवाणघेवाण झाली नसेल असं मानणंच अवघड आहे.

सुरुवातीला या योगशाळेत येणारे बहुतेक राजघराण्याच्या नात्यातले मुलगे होते. उड्या मारत, एका आसनातून दुसऱ्यात झेपावत केलेला तो जोरकस योग मुलांच्या अंगाला साजेसा होता. आणि इथेच दाराशी पहिली खटखट झाली. १९३७ च्या सुमारास यूजिनी पीटरसन नावाची, रीगात जन्मलेली बाई आली. तीच पुढे इंद्रादेवी म्हणून जगप्रसिद्ध झाली. कृष्णमाचार्यांनी नकार दिला. बाई, त्यातून परदेशी. तिनं महाराजांकडे शब्द टाकला, महाराजांनी आचार्यांना सांगितलं आणि दार किलकिलं झालं. १९३८ मध्ये तिथे एक मूक चित्रफीत काढली गेली. तीत कृष्णमाचार्य आहेत, तरुण अय्यंगार आहेत, आणि आचार्यांच्या पत्नी नामगिरीअम्मा आणि लहान मुलीही आसनं करताना दिसतात. ती आजही पाहायला मिळते. जरूर पाहा.

दुसरी घटना धारवाडची. कृष्णमाचार्य शिष्यांना घेऊन उत्तर कर्नाटकात फिरत होते. तिथल्या बायकांनी आम्हालाही शिकायचंय म्हटलं. आता बायकांना शिकवणार कोण? सगळ्यांत लहान, अजून मिसरूडही नीट न फुटलेला शिष्य निवडला गेला, बी. के. एस. अय्यंगार. म्हणजे अय्यंगारांचं शिक्षकपण सुरू झालं तेच, ज्यांना दार बंद होतं अशा माणसांपासून. १९३७ मध्ये बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. गोखले यांच्या पुढाकारानं ते सहा महिन्यांसाठी पुण्याला डेक्कन जिमखान्यावर आले. सहा महिन्यांचे सत्याहत्तर वर्षं झाले. दोरी, खुर्ची, लाकडी ठोकळे, गाद्या यांच्या आधारानं म्हातारी आणि आजारी माणसंही आसनात उभी राहू शकतात, हे त्यांनी पुण्यात घडवून दाखवलं. ऐंशी ओलांडलेल्या बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांनाही त्यांनी शीर्षासन शिकवलं. खुर्ची घेऊन आसन करणं म्हणजे पळवाट, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला विचाराल तर त्या खुर्चीनं जितक्या लोकांना आत घेतलं, तितक्या लोकांना एखाद्या फर्मानानंही आत घेता आलं नसतं.

आता जपानकडे वळू, कारण नेमक्या याच दशकांत तिथेही हेच घडत होतं.

जिगोरो कानो हे पेशानं शिक्षक. १८८२ मध्ये त्यांनी तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात नऊ विद्यार्थी घेऊन ज्युदोची शाळा काढली. जुन्या जुजुत्सूमधले जिवावर बेतणारे डाव त्यांनी सरावाच्या लढतीतून बाजूला काढले आणि पडायचं कसं, हे आधी शिकवलं. शाळकरी मुलांना ही विद्या द्यायची असेल तर दुसरा इलाज नव्हता.

त्यांच्याहून तेवीस वर्षांनी लहान मोरिहेई उएशिबा. जन्म १८८३. कुवलयानंदांचं जन्मसालही हेच! उएशिबांनी होक्काइदोत ताकेदा सोकाकू या अत्यंत कडक गुरूकडून दाइतो-र्यू जुजुत्सू घेतलं. १९३१ मध्ये तोक्योत त्यांचा कोबुकान आखाडा उभा राहिला. तिथे सहज प्रवेश नव्हता. प्रतिष्ठित माणसांची शिफारस लागे. शिकणारे नौदलातले, लष्करातले, उमरावांच्या घरातले. आणि तालीम अशी की त्या जागेला लोक 'नरक आखाडा' म्हणत. आज 'सगळ्यांचं स्वागत' म्हणणाऱ्या विद्येचं हे पूर्वरूप! १९४२ च्या सुमारास तिला आयकिडो हे नाव मिळालं.

मग युद्ध हरलं. अमेरिकी अंमलानं शाळांतून युद्धकलांना बंदी घातली. तोक्यो बॉम्बनी जळालं, पण उएशिबांचा आखाडा वाचला आणि त्या गाद्यांवर बेघर झालेली कुटुंबं राहू लागली. म्हातारे उएशिबा इवामा नावाच्या गावी शेती करत होते. तोक्योची जबाबदारी मुलावर, किस्शोमारूवर. हा मुलगा दिवसा एका रोखे कंपनीत नोकरी करी आणि सकाळ-संध्याकाळ शिकवी. विद्या जगवायची तर लष्कर नाही, उमराव नाहीत. उरले कोण? कारकून, विद्यार्थी, बायका, मुलं. १९५६ मध्ये त्यानं तोक्योतल्या ताकाशिमाया या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर सर्वांसमोर प्रात्यक्षिकं भरवली. ज्या कलेला शिफारशीशिवाय पाहायलाही मिळत नसे, ती खरेदीला आलेल्या गर्दीसमोर उघडी झाली.

आता वर्गात प्रत्यक्ष काय होतं, ते थोडं सांगतो, म्हणजे आजी आणि नातू एकत्र कसे शिकू शकतात ते कळेल. आयकिडोच्या मुख्य प्रवाहात स्पर्धा नाहीत. वजनगट नाहीत. जोडी लावून सराव होतो. एकजण हल्ला करतो, त्याला 'उके' म्हणतात. दुसरा तो हल्ला वळवून त्याला पाडतो. ठरावीक वेळा झालं की भूमिका उलटतात. म्हणजे प्रत्येकजण निम्मा वेळ पडत असतो. म्हणून पहिला धडा 'उकेमी', पडण्याची कला: हनुवटी छातीकडे, पाठ गोल, खांद्यावरून तिरकं लोळायचं, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही. साठीच्या माणसाला उभ्यानं लोळायला लावत नाहीत. तो बसून मागे झुलतो, तेवढ्यावर महिनोन्‌महिने थांबला तरी चालतं. आपल्याकडे उतारवयात पडून खुब्याचं हाड मोडणं ही किती घरांतली कहाणी आहे, ते वेगळं सांगायला नको.

यावर टीकाही आहे आणि ती खोटी नाही. समोरचा सहकार्य करतोय, मग हा डाव खऱ्या मारामारीत चालेल का? कोल्हापूरच्या हौद्यात घाम गाळलेला पैलवान हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारील. बऱ्याचदा उत्तर 'नाही' असंच असेल. शिवाय मनगट आणि खांद्याच्या पकडी चुकल्या तर सांधा दुखावतो, तेव्हा 'निरुपद्रवी' हा शब्दही जपूनच वापरावा. दार उघडताना विद्येतलं काहीतरी बाहेर ठेवावं लागतं. कानोंनी प्राणघातक डाव ठेवले, किस्शोमारूनं हारजीत ठेवली, अय्यंगारांनी उड्या ठेवल्या.

भारतात जपानी युद्धकलेचं दार कुणी उघडलं? रवींद्रनाथांनी. १९२९ मध्ये त्यांनी शिंझो ताकागाकी या ज्युदोच्या गुरूंना शांतिनिकेतनात बोलावलं आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवायला लावलं. बंगालमधल्या भद्रलोकांच्या मुली ज्युदोच्या पोशाखात एकमेकींना पाडताहेत, हे १९२९ सालचं दृश्य आहे. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ पासून भरते. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत मार्च २०२३ मध्ये झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मधे बासष्ट वर्षं आहेत.

आणि म्हैसूरचे जेठी? योगशाळा १९५० च्या आसपास बंद झाली, पण तिथून निघालेले शिष्य जगभर पोचले. पट्टाभी जोइस यांनी त्याच शहरात शिकवणं चालू ठेवलं, म्हणून तर आज गोकुळममध्ये ती गर्दी दिसते. वज्रमुष्टी मात्र कुठेही गेली नाही. तिनं कुणाला आत घेतलं नाही आणि ती बाहेरही पडली नाही. आता राजदरबार तिला वर्षातून एकदा बोलावतो. विजयादशमीच्या सकाळी म्हैसूरच्या राजवाड्याच्या आतल्या चौकात म्हैसूर, बेंगळुरू, चन्नपट्टण, चामराजनगर इथल्या जेठी घराण्यांतले मल्ल उभे राहतात. डोक्याचा गोटा केलेला, अंगाला माती, मुठीत ते हत्यार. वर राजघराण्याची माणसं पाहत असतात. झुंज सुरू होते, आणि कुणा एकाच्या डोक्यावर रक्ताचा पहिला थेंब दिसला की पंच हात मधे घालून ती थांबवतात. कधी ती मिनिटभरही चालत नाही. मग राजवाड्यातली मंडळी शमीच्या पूजेला निघतात, आणि जेठी पुढच्या वर्षापर्यंत आपापल्या कामधंद्याला लागतात.